वाण्याचा तराजू आणि शंकर आबाजी भिसे

इंदूरच्या राजवाड्यापासून सराफ्याकडे पायी निघालेल्या माणसाला शेवेचे ढीग आणि तराजू या दोन गोष्टी पावलोपावली दिसतात. लवंगेची शेव, लसणाची शेव, रतलामी शेव अशा परातींमागे बसलेला दुकानदार पळीने माल उचलतो, ताटलीत टाकतो, काट्याकडे पाहतो, चिमूटभर काढतो, पुन्हा अर्धी चिमूट घालतो आणि मग पुडी बांधतो. त्या शेवटच्या चिमटीला जो वेळ लागतो तो आधीच्या सबंध पळीला लागत नाही. गोव्यातल्या आपल्या पसरकाराचीही हीच रीत. गिऱ्हाईक त्या चिमटीकडे डोळे लावून उभे असते, आणि दुकानाची अब्रूही त्या चिमटीवरच अवलंबून असते.

त्याच इंदूरमध्ये नातेवाइकांबरोबर एका मोठ्या सुपरमार्केटात जाण्याचा योग दिवाळीच्या तोंडावर आला. तांदूळ, डाळी, साखर, सुका मेवा सारे काही उघड्या पेट्यांत मांडलेले. आपणच पिशवीत भरून घ्यायचे. पण पिशवी भरली की आधी वजनकाट्यापुढे रांग, तेथे चिकटवलेली बारकोडाची चिठ्ठी घेऊन मग बिलाच्या काउंटरपुढे दुसरी रांग. पाकीटबंद वस्तू लाल प्रकाशाखालून सर्रकन जात होत्या आणि सुट्या मालाची पिशवी मात्र प्रत्येक ठिकाणी अडत होती. स्विंडन किंवा लंडनला स्थायिक झालेल्या गोमंतकीयांच्या घरी जाऊन आलेले वाचक सांगतील की तिकडे ग्राहक स्वतःच वस्तू स्कॅन करतो, स्वतःच पैसे भरतो आणि बाहेर पडतो. तेथेही यंत्र अडते ते बहुधा वजनापाशीच. ही अडचण नवी नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी तिच्यावर उपाय शोधण्यासाठी इंग्लंडमध्ये एक स्पर्धा लावण्यात आली होती आणि ती जिंकणारा संशोधक मुंबईचा मराठी माणूस होता.

शंकर आबाजी भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. पुढे त्यांना भारताचा एडिसन असे बिरुद लाभले. शालेय पुस्तकांतून आणि चरित्रकोशांतून त्यांचे नाव पुष्कळांनी वाचलेले असते. परंतु त्यांच्या कीर्तीचा पाया वाण्याच्या तराजूने घातला ही गोष्ट त्या बिरुदाखाली झाकून जाते. अभियांत्रिकीचे किंवा विज्ञानाचे रीतसर शिक्षण त्यांना जवळजवळ मिळालेच नाही. ज्या काळात आपल्याकडची विद्यापीठे प्रामुख्याने कारकून, वकील आणि शिक्षक घडवीत होती, त्या काळात यंत्रविद्या शिकण्यासाठी त्यांच्या हाती लागली ती सायंटिफिक अमेरिकन या नियतकालिकाची पाने. अमेरिकेतून बोटीने आलेले अंक वाचायचे, त्यांतील आकृत्या समजून घ्यायच्या आणि मिळेल त्या साहित्यातून त्या करून पाहायच्या, हीच त्यांची शाळा. लहान वयातच घरच्या घरी दगडी कोळशापासून दिव्याचा वायू तयार करण्याचे उपकरण त्यांनी बनविले होते, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे.

विशीत त्यांनी मुंबईत विज्ञानप्रेमी मंडळींचा एक क्लब काढला. दृष्टिभ्रमाचे प्रयोग करून दाखवण्यातही त्यांचा हातखंडा होता. यंत्रज्ञाच्या अंगी थोडा जादूगार असावा लागतो हे त्या काळच्या संशोधकांकडे पाहिले की पटते. प्रेक्षकांना खिळवून ठेवता आले तरच भांडवलदाराला खिळवून ठेवता येते. तिशीपर्यंत त्यांच्या खात्यावर बऱ्याच वस्तू जमा झाल्या होत्या. एकदा उघडल्यावर पुन्हा गुपचूप भरता येणार नाही अशी बाटली, विजेवर चालणाऱ्या सायकलीची जोडणी, मुंबईच्या उपनगरी गाडीतील प्रवाशाला पुढचे स्थानक कोणते ते दाखविणारा दर्शक. यादी वरवर विस्कळीत वाटते, पण तिच्यात एक सूत्र आहे. बाटलीत भेसळ होते, गाडीत स्थानक कळत नाही, अशा रोजच्या व्यवहारातील लहान फसवणुकी आणि लहान खोळंबे त्यांच्या नजरेत भरत. मोठे शास्त्रीय सिद्धांत मांडण्याकडे त्यांचा ओढा नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत लंडनच्या एका संशोधनविषयक नियतकालिकाने जी स्पर्धा जाहीर केली ती अशा माणसासाठीच जणू बेतलेली होती. साखर, पीठ यांसारखा किराणा माल ढिगातून आपोआप तोलून देणारे यंत्र कोण तयार करतो, असा प्रश्न होता.

या प्रश्नाचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळचे इंग्रजी दुकान डोळ्यांपुढे आणले पाहिजे. पाकीटबंद माल तेव्हा थोडा होता. चहा पेटीतून, साखर पोत्यातून, पीठ पिंपातून येई. काउंटरमागचे नोकर दिवसभर तोलत आणि कागदाच्या पिशव्या भरत. गिऱ्हाइकाने यादी द्यायची आणि काउंटरच्या अलीकडे उभे राहायचे; मालाला हात लावण्याची सोय नव्हती. शनिवारी संध्याकाळी, मजुरांच्या हाती आठवड्याचा पगार पडला की दुकानात झुंबड उडे. नोकर किती माप किती वेळात तोलतो यावर दुकानाची कमाई ठरे, आणि घाईत हात किती सैल पडतो यावर तोटा. पौंडामागे चिमूटभर साखर जास्त गेली तर वर्षाअखेर पोती गेलेली असत. चिमूटभर कमी पडली तर निरीक्षकाचा दंड आणि गिऱ्हाइकाची नाराजी.

काम सोपे दिसते, पण यंत्राला ते जड का जाते हे थोडे सविस्तर सांगायला हवे. वर माल साठवण्याची नसराळ्यासारखी टाकी, खाली तराजूचे पारडे आणि मध्ये एक झडप, ही अशा सर्व यंत्रांची मूळ मांडणी. पारडे ठरलेल्या वजनाला खाली झुकले की झडप मिटते. परंतु झडप मिटते त्या क्षणी काही दाणे हवेत असतात. ते अजून पारड्यात पडलेले नसतात, म्हणून तराजूला त्यांची दखल नाही. आणि पडले की वजन वाढते. शिवाय पडणाऱ्या मालाचा आघात पारड्याला खाली दाबतो, त्यामुळे ते खोटे वजन दाखवते. साखर कोरडी असेल तर धो धो वाहते, दमट असेल तर टाकीच्या तोंडाशी कमान धरून बसते. पिठाचे तर विचारूच नका. ते कधी लोंढ्याने येते, कधी मुळीच येत नाही. यावरचा उपाय वाण्याच्या हाताने केव्हाच शोधला होता. आधी पळीभर, मग चिमूटभर. यंत्रशास्त्रातही पुढे हाच मार्ग रूढ झाला: वजनाचा बहुतेक भाग मोठ्या प्रवाहाने भरायचा आणि शेवटचा अंश बारीक धारेने. इंदूरच्या शेववाल्याच्या बोटांत जे आहे ते लोखंडात उतरवायचे, असा हा सारा खटाटोप.

मुंबईत बसलेल्या भिसे यांना इंग्रजी दुकानाची सवय नव्हती, पण तोलाच्या गोंधळाशी त्यांची ओळख इंग्रज स्पर्धकांहून निश्चितच जवळची असणार. मुंबईचा शेर २८ तोळ्यांचा, बंगालकडचा ८० तोळ्यांचा. नाव एक आणि वजनात जवळजवळ तिप्पट फरक. आपल्याकडे भात खंडी-कुडवाने मोजत, तेही गावागणिक कमीजास्त. सबंध भारतात वजनमापे एका कायद्याखाली यायला १९५६ साल उजाडावे लागले. ज्या देशात तराजूवरील विश्वास हा माणसावरील विश्वासाशी बांधलेला होता, तेथल्या माणसाने विश्वास यंत्रावर सोपवता येईल अशी युक्ती काढावी, यात मला तरी नवल वाटत नाही.

स्पर्धेत आराखडे पुष्कळ आले; पहिला क्रमांक भिसे यांच्या आराखड्याला मिळाला. ब्रिटिश संशोधकांना त्यांच्याच देशात, त्यांच्याच दुकानदारीच्या प्रश्नावर एका हिंदी माणसाने मागे टाकले ही वार्ता मुंबईत झपाट्याने पसरली. तिचे अप्रूप आज कळणार नाही. त्या काळी यंत्र ही विलायतेहून यायची वस्तू होती. भिसे यांचा जन्म झाला त्याच सुमारास दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंदूरला संस्थानची कापडगिरणी उभारण्याचे मनावर घेतले, तेव्हा यंत्रसामग्री इंग्लंडमधूनच आणावी लागली. राजा दूरदृष्टीचा, पैसा हाताशी, कापूस दाराशी. तरी चाक बाहेरचे. आता प्रथमच कल्पना इकडून तिकडे चालली होती.

काँग्रेसचे चिटणीस दिनशा वाच्छा यांनी या तरुणाला दादाभाई नौरोजींच्या नावे परिचयपत्र देऊन लंडनला पाठविले. दादाभाई तेव्हा सत्तरी ओलांडलेले. १८९२ साली ते ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून गेले होते, पुढच्या निवडणुकीत पराभूत झाले होते, आणि भारतातील संपत्तीचा ओघ इंग्लंडकडे कसा वाहून जातो याचा हिशेब मांडण्यात त्यांचे आयुष्य चालले होते. अशा वृद्ध नेत्याने एका अनोळखी संशोधकाच्या प्रयोगांसाठी पैसा उभा करण्याची जबाबदारी घ्यावी, याला केवळ दयाबुद्धी म्हणता येणार नाही. हिंदी बुद्धी यंत्रनिर्मितीस असमर्थ आहे या समजाला जिवंत उत्तर देण्याची ती संधी होती, आणि दादाभाईंनी ती ओळखली असे मानायला जागा आहे.

उत्तर लंडनमधील आपल्या कार्यशाळेत भिसे यांनी विसाव्या शतकाची पहिली काही वर्षे झपाटल्यासारखी घालविली. विजेवर बदलत जाणारे जाहिरातफलक, स्वयंपाकघरातील साधने, दूरध्वनीतील सुधारणा, डोकेदुखीवरचे उपकरण, आपोआप पाणी सोडणारे शौचकूप अशा नानाविध गोष्टींवर त्यांनी हात चालविला. अनेकांची पेटंटे घेतली. जाहिरातफलकाकडे दुकानदारांचे लक्ष गेले आणि काही काळ असे वाटले की किराणा दुकानाच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे भिसे यांचीच यंत्रे चालतील. पण पेटंट म्हणजे कागद. कागदापासून कारखान्यापर्यंतचा रस्ता भांडवलाचा. लंडनमध्ये परक्या माणसाला तो रस्ता फार लांब पडे.

त्यांनी सर्वस्व पणाला लावले ते मात्र वेगळ्याच यंत्रावर. छपाईचे खिळे ओतणारे यंत्र. त्याला त्यांनी भिसोटाइप असे नाव दिले. मिनिटाला बाराशे खिळे ओतण्याची त्याची क्षमता असल्याचे सांगितले गेले, आणि लंडनच्या मुद्रणव्यवसायातील जाणकारांना प्रारंभी ते खरे वाटेना. गोव्याच्या वाचकाला या विषयाचे महत्त्व सांगायला नको. १५५६ साली भारतातील पहिला छापखाना आपल्याकडेच, जुन्या गोव्यातील सेंट पॉल कॉलेजात सुरू झाला. परंतु रोमन अक्षरांचा खोका आणि देवनागरीचा खोका यांत महदंतर आहे. काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे मिळून मराठी जुळाऱ्यापुढे शेकडो खिळे लागत. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने सुबक देवनागरी टाइप घडवून मराठी आणि संस्कृत मुद्रणाला वळण लावले होते, पण ती कला हाताची आणि संथ. मुंबईत वाढलेल्या माणसाला खिळे झपाट्याने आणि स्वस्तात ओतणारे यंत्र का हवेसे वाटले असेल, हे कळण्यासाठी एवढे पुरे. तराजू आणि खिळे यांत नातेही आहे. दोन्हीकडे एकसारखी हजारो लहान मापे, न चुकता, न थांबता पाडायची असतात.

दादाभाईंनी भिसे यांची गाठ हेन्री हिंडमन यांच्याशी घालून दिली. हिंडमन हे इंग्लंडमधील समाजवादी पुढारी, हिंदुस्थानच्या बाजूने बोलणारे. भांडवलशाहीचे कट्टर टीकाकार असलेल्या या गृहस्थांनी भिसोटाइपसाठी १५ हजार पौंडांचे भांडवल उभे करण्याचे मनावर घ्यावे, यातला विनोद इतिहासाने आपोआप जुळवून आणला. बोलणी लांबत गेली, आश्वासने वाढत गेली, आणि अखेरीस हिंडमन यांना रक्कम जमविता आली नाही. दादाभाई वार्धक्यामुळे १९०७ साली मायदेशी परतले होते. १९०८ साली भिसे यांनी कार्यशाळा आवरली आणि मुंबईची बोट धरली.

त्याच बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले होते. समुद्रप्रवासाचे दिवस मोठे असतात. भिसे यांनी आपली कर्मकथा सांगितली असणार आणि गोखल्यांनी ती ऐकून घेतली असणार. गोखल्यांच्या शिफारशीने मुंबईचे उद्योगपती रतन टाटा, जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, या उपक्रमात उतरले. १९१० साली टाटा-भिसे इन्व्हेन्शन्स सिंडिकेट स्थापन झाले. भिसे पुन्हा लंडनला गेले. आता कमतरता पैशाची नव्हती. काळ मात्र विरुद्ध गेला. १९१४ साली महायुद्ध पेटले, कारखाने दारूगोळ्याकडे वळले, आणि १९१५ मध्ये सिंडिकेटचे काम गुंडाळावे लागले.

एखाद्याने येथे हार मानली असती तर त्याला कोणी नाव ठेवले नसते. भिसे तेव्हा पन्नाशीला टेकलेले होते. १९१६ साली ते न्यूयॉर्कला गेले.

त्याच वर्षी, ६ सप्टेंबर १९१६ रोजी, अमेरिकेतीलच मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स नावाच्या व्यापाऱ्याने पिग्ली विग्ली या चमत्कारिक नावाचे दुकान उघडले. गिऱ्हाइकाने फिरत्या फाटकातून आत शिरायचे, टोपली घ्यायची, फळ्यांवरून आपल्याला हवे ते स्वतःच उचलायचे, किंमत वाचायची आणि बाहेर पडण्याच्या दाराशी पैसे भरायचे. काउंटरमागचा नोकर नाहीसा झाला. आज ज्याला आपण सुपरमार्केट म्हणतो त्याचे हे बीज. पण हे शक्य झाले ते माल आधीच तोलून पाकिटात भरलेला असल्यामुळे. दुकानातला तराजू कारखान्यात गेला, म्हणून गिऱ्हाईक काउंटरच्या पलीकडे जाऊ शकले. भिसे यांचा आराखडा आणि सॉन्डर्स यांचे दुकान यांचा परस्परांशी थेट संबंध नाही, पण आपोआप तोलण्याचा प्रश्न सुटल्याखेरीज दुसऱ्याचा मार्ग मोकळा होणारा नव्हता.

सॉन्डर्सही पुढे शेअरबाजाराच्या झगड्यात आपली कंपनी गमावून बसले. १९३७ साली त्यांनी कीडूझल नावाचे दुकान काढले. त्यात गिऱ्हाईक हाती किल्ली घेऊन काचेआडच्या वस्तू निवडी आणि माल सरकत्या पट्ट्यावरून दाराशी येई. गर्दी झाली की यंत्रणा गोंधळून जाई, आणि काही वर्षांच्या खटपटीनंतर ते दुकान बंद पडले. बिल झटपट करण्याची खरी किल्ली बारकोडाने दिली. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय गावच्या एका सुपरमार्केटात च्युइंगमच्या पुड्यावरील रेघा यंत्राने प्रथम वाचल्या. त्याच ट्रॉय गावी दुकानांसाठी तोलयंत्रे बनविणाऱ्या हॉबर्ट या कंपनीचे मुख्य ठाणे होते. रेघा वाचणारे यंत्र पाकिटाची किंमत सांगू शकते, पण मांसाचा तुकडा किंवा सफरचंदांची पिशवी यांची किंमत तोलल्यावाचून ठरत नाही. तेव्हा काट्यानेच बारकोडाची चिठ्ठी छापून द्यावी लागते. इंदूरच्या त्या दुकानात आम्ही जी चिठ्ठी चिकटवून घेतली ती हीच.

ग्राहकाने स्वतः बिल करायचे यंत्र तर उघडउघड तराजूवरच उभे आहे. वस्तू स्कॅन केली की ती बाजूच्या ताटलीवर ठेवायला सांगतात. त्या ताटलीखाली काटा असतो. बारकोडानुसार जे वजन अपेक्षित आहे तेवढे पडले तर यंत्र पुढे सरकते. कमी-जास्त भरले तर थांबते आणि माणसाला बोलावते. विश्वासाचा प्रश्न सुटलेला नाही, त्याची दिशा फिरली आहे. पूर्वी गिऱ्हाईक वाण्याच्या चिमटीवर नजर ठेवून असे, आता दुकान गिऱ्हाइकाच्या पिशवीवर नजर ठेवून असते. आणि काउंटरवर पूर्वी सहा जण असत तेथे एकजण सहा यंत्रांकडे पाहत उभा राहतो. बाकीचे पाच कोठे गेले हा प्रश्न मात्र कोणत्याही स्पर्धेत विचारला गेलेला नाही.

न्यूयॉर्कमध्ये भिसे यांनी खिळे ओतण्याच्या यंत्राचा ध्यास सोडला नाही. १९२० च्या सुमारास त्यांनी स्वतःच्या नावाची कंपनी काढली आणि सुधारलेले यंत्र प्रत्यक्षात आणले. परंतु एव्हाना मुद्रणाच्या धंद्यावर लायनोटाइप आणि मोनोटाइप या प्रस्थापित कंपन्यांची पकड घट्ट झाली होती. ज्या क्षेत्रात ते वीस वर्षे झगडले तेथे यश अर्धवट राहिले, आणि आर्थिक स्वास्थ्य दिले ते एका औषधाने. अॅटोमिडीन हे आयोडीनयुक्त द्रावण त्यांनी सिद्ध केले, अमेरिकेत ते विकले गेले आणि त्यातून त्यांना बरे पैसे मिळाले. दैव असे वाकडे चालते. अखेरच्या काळात त्यांचा कल अध्यात्माकडे आणि परलोकविद्येकडे झुकला. मृतात्म्यांचे संदेश टिपणारा टंकलेखक बनविण्याचाही प्रयत्न त्यांनी केला. त्यांच्या चाहत्यांना हा भाग अडचणीचा वाटतो. पण त्या पिढीतील अनेक यंत्रज्ञांना वाटे की बिनतारी संदेश जर हवेतून येऊ शकतो तर आणखी कोठून का येऊ नये. ज्यांचे नाव त्यांना बिरुद म्हणून लागले त्या थॉमस एडिसन यांचीही त्यांच्याशी भेट झाली.

त्यांच्या नावावर सुमारे दोनशे शोध आणि चाळीसएक पेटंटे सांगितली जातात. त्यांतील कितीएक अशा वस्तू आहेत की ज्या आज आपण रोज वापरतो, पण दुसऱ्या कोणी केलेल्या. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये शंकर आबाजी भिसे यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या अडुसष्टाव्या वाढदिवसाला तीन आठवडे उरले होते. मुंबई सोडताना त्यांच्या सामानात जो आराखडा होता तो साखर आणि पीठ तोलण्याचा होता.